नाव तुहं, पाय माहे

१

अंजनगावच्या बारी माणसाला, म्हणजे पिढीजात पानमळेवाल्याला, मळ्यात शिरताना एकदा पाहावं. आंघोळ केल्याशिवाय तो आत पाऊल टाकायचा नाही. पायताण कुंपणाबाहेर, तोंडातला विडा बाहेर, घरचं भांडणही बाहेरच. वऱ्हाडचं ऊन बाहेर माणसाला भाजून काढत असलं, तरी आत शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलांच्या हिरव्या गल्ल्या, पायाखाली ओल, आणि बोललं तर आपलाच आवाज परका वाटावा इतकी शांतता. जानराव बारी याच शिस्तीत पस्तिशीला आला होता. वेलांना पाणी घालायचं ते खांद्यावर घडा घेऊन, एकेका बुंध्याशी वाकून. पोरवयापासून घडे वाहून त्याचा उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली उतरला होता. त्याचा सदरा बेतताना शिंपी हटकून कुरकुरायचा.

पानं खुडून झाली की लिंबाखाली उकिडवं बसायचं आणि शंभर-शंभराची चवड लावायची. डाव्या तळहातावर पान घ्यायचं, उजव्या अंगठ्यानं पुसायचं, फिरवायचं, खाली ठेवायचं. तोंडानं गावच्या चौकशा चालतात, हात आपले चालूच राहतात. एक दिवसाआड अचलपूरचा पानाचा व्यापारी ताहेर यायचा. टोपलीतलं वरचं पान चुन्या-काताशिवाय तसंच तोंडात टाकायचं, मान हलवायची आणि टोपल्या गाडीत चढवायच्या, ही त्याची वीस वर्षांची रीत. सन एकोणीसशे चोवीसच्या दसऱ्यानंतर एक दिवस त्यानं पान चावलं आणि मान हलवली नाही. मग मधलं एक पान घेतलं. मग तळातलं.

“जानराव,” तो म्हणाला, “पान खारं हाय भाई.”

जानरावला हसू आलं. पान तिखट असतं, कडवट असतं, सपक असतं. खारं पान त्याच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. त्यानं स्वतः एक चावलं आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. पान खारंच होतं.

आता खारं म्हटलं की वऱ्हाडी माणसाला काही नवल वाटत नाही. खाली दर्यापूरकडे, पूर्णेच्या काठाकाठानं सगळा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. पण अंजनगाव वर आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूला, आणि इथलं पाणी गोड आहे, म्हणून तर इथं पानमळे आहेत. जानराव विहिरीत उतरला, ओंजळभर पाणी प्यायला. गोड होतं. शेजारच्या मळ्यातलं पान मागून चावलं. तेही ठीक होतं. खारपाण वर सरकत असेल, असं त्यानं ताहेरला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. ताहेरनं त्या दिवशी टोपल्या नेल्या नाहीत.

२

जानरावची बायको कौशल्या जिभेची फटकळ होती. दोघांना पोरबाळ नव्हतं, पण घरात आवाज कमी म्हणून नव्हता. एकटी कौशल्या चौघांचं बोलायची. तिचं म्हणणं पडलं की खोट पानात नाही, नवऱ्याच्या हातात आहे. हाताला घाम येत असेल, दुसरं काय. मग दोघं मळ्यात गेली आणि एकाच वेलाचं एक पान तिनं खुडलं, एक त्यानं. तिचं चाखलं तर गोड, त्याचं चाखलं तर खारं. ती खळखळून हसली. मळ्यात हसू नये हेही विसरली. दुसरा वेल, तिसरा वेल. चौथ्या वेलाशी तिचं हसणं थांबलं.

जानरावनं राखेनं हात घासले, शिकेकाईनं धुतले, बोटांना धुतलेल्या धोतराची चिंधी बांधून पान खुडलं. खारं. कौशल्यानं त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. हात कोरडा होता, रोजचाच होता. कुंपणाबाहेर त्याचा म्हातारा बाप शालिकराम उभा होता. त्यानं सगळं पाहिलं, काही विचारलं नाही, काठी टेकत घराकडे निघून गेला. हे जानरावला पानापेक्षा जास्त लागलं. ज्या माणसाला काहीच ठाऊक नसतं, तो निदान विचारतो तरी.

त्यानं खुडणं सोडलं आणि नुसतं पाणी वाहायला लागला. आठ दिवसांत त्यानं पाणी घातलेल्या वेलांच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. वेलाला रोग पडतो, दर चार वर्षांनी पडतो, त्याचं इतकं काय मनावर घ्यायचं? जानराव असं म्हणायचा आणि मनावर घ्यायचा. मग मळ्यात आवाज यायला लागला. वारा नसताना. लांबून काहीतरी घरंगळत यायचं, जवळ येऊन फुटायचं, आणि सुस्कारा टाकून मागं जायचं. पुन्हा यायचं. जानराव घडा खांद्यावर धरून उभा राहायचा आणि पान हलतंय का पाहायचा. एकही पान हलत नसायचं.

कौशल्याला तो आवाज कधी आला नाही. तिनं मात्र एका दुपारी भाकरी थापता थापता सरळच विचारलं, हे तुमच्या भावाचं तर नाही? जानराव ताटावरून उठून गेला.

३

भावाचं असं झालं होतं. सन सतरामध्ये इंग्रज सरकारला लढाईसाठी मजूर पाहिजे होते. तहसिलीतून गावोगाव माणसांचा आकडा आला, आणि पाटलानं शालिकरामच्या घरातून थोरल्याचं, म्हणजे जानरावचं नाव लिहून दिलं. जानरावचं लग्न होऊन चार महिने झाले होते. तो घाबरला. खोटं कशाला सांगू, तो रडला. धाकटा पंजाबराव सडाफटिंग, घड्याला हात न लावणारा, जत्रेत आठ आठ दिवस हरवणारा गडी. तो म्हणाला, “काहून रडतं बे? नाव तुहं, पाय माहे. मी जातो.” आणि गेला. नोंद जानरावच्या नावानं झाली. घरच्या माणसांच्या यादीत बाप, माय, बायको कौशल्या आणि धाकटा भाऊ पंजाबराव असं लिहिलं गेलं. पाटलाला अदलाबदल ठाऊक होती, पण त्याला माणसाशी मतलब होता. जानरावनं भावाला अडवलं नाही. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

वर्षानं कागद आला. बसऱ्याहून येणारी बोट बुडाली, जानराव वल्द शालिकराम समुद्रात गेला, देह मिळाला नाही.

ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाचा पुतळा करतात. तीनशे साठ पळसदेठांचे हातपाय, डोक्याच्या जागी नारळ, वर धोतर. त्याला नाव-गोत्र सांगून अग्नी देतात, म्हणजे गेलेला माणूस मोकळा होतो. गावात करायची सोय नव्हती. गावाला काय सांगायचं नि सरकारला काय, याचा मेळ बसत नव्हता. म्हणून बापलेक पूर्णेकाठी लाखपुरीला गेले. तिथल्या भटजीनं रीतसर विचारलं, देह नाही तर मेल्याचा कागद कुठे आहे? शालिकरामनं कागद दिला. भटजीनं कागदावरचं नाव वाचलं आणि तेच घेऊन संकल्प सोडला.

म्हाताऱ्यानं तोंड उघडायला पाहिजे होतं. पण घाटावर एक पोलीस पाटील बसला होता, आणि खोट्या नावानं सरकारी चाकरीत माणूस पाठवला म्हणून बेडी पडेल, ही धास्ती त्याच्या मनात घर करून होती. जानराव शेजारी घडा घेऊन उभा होता. त्यानं आपलं नाव ऐकलं, आपलं गोत्र ऐकलं, आणि पुतळा पेटताना पाहिला. दहाव्याला भात ठेवून हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. भटजी खूश झाला. म्हणाला, गेलेल्याची काही इच्छा उरली नाही.

पंजाबच्या नावानं कोणी काडी लावली नाही. सहा वर्षं झाली. जानराव मनात म्हणायचा की पुढच्या वर्षी करू, आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणायचा.

४

कार्तिकात तहसिलीचा चपराशी मोठा लिफाफा घेऊन आला. लढाईत समुद्रात गेलेल्यांसाठी मुंबईला, अगदी समुद्राच्या काठाला, दगडी भिंत बांधली आहे आणि तिच्यावर प्रत्येकाचं नाव कोरलं आहे. मार्गशीर्षात साहेब लोक येणार, फुलं वाहणार. दर मयताच्या घरच्या दोघांना रेल्वेचा पास. अंजनगावच्या मयत जानरावची माय पार्बताबाई आणि भाऊ पंजाबराव यांनी यावं.

शालिकराम म्हणाला, जाऊ नका. कौशल्या म्हणाली, जा. “माह्या नवऱ्याचं नाव तठी दगडावर राहीन आनं मी अठी कुंकू लावू? त्या साहेबाले खरं सांगा. तुमचं नाव काढा, भाऊजीचं घाला. मग लाखपुरीले जाऊन भाऊजीचं नीट करा.” जानरावच्या मनात हेच होतं. पंजाबचं नाव भिंतीवर चढलं की त्याचा कागद होईल, कागद झाला की भटजी त्याचं नाव घेईल, पंजाब सुटेल आणि आपणही सुटू. त्यानं बायकोला वचन दिलं.

पण साहेबापर्यंत पोचायचं तर पासावरचं नाव सांगत पोचायला हवं. गाडीत, नाक्यावर, कोणीही विचारलं तर पंजाबराव. तेव्हा शालिकरामनं फर्मान काढलं की पंधरा दिवस घरात त्याला पंजाबच म्हणायचं, म्हणजे म्हातारीची जीभ ऐनवेळी घसरायची नाही. पहिले दोन दिवस गंमत झाली. कौशल्या त्याला “भाऊजी” म्हणून भाकरी वाढायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. रात्री ती त्याला कानाशी जानराव म्हणायची. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण ती म्हणायची, घरात कोणीतरी घेतलं पाहिजे.

पार्बताबाईची जीभ एकदाही घसरली नाही. ही बाई सहा वर्षांत धाकट्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आता ती उठता बसता पंजाब, पंजाब करायची. पंजाब, घडा राहू दे. पंजाब, जेवाले चाल. तिचा चेहरा उजळला होता, भूक वाढली होती. एकदा तिनं जानरावच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली की लय वाळला रे तू तिकडं. जानराव म्हणाला, माय, मी हावो. ती म्हणाली, हाव ना, तूच हाय. जानरावला तिचा राग आला, आणि मग स्वतःची लाज वाटली. अडवला असता तर पंजाब इथं असता.

निघायच्या दिवशी चपराशी दारात उभा होता. कौशल्यानं त्याच्यादेखत, ठरल्याप्रमाणं म्हटलं, “या भाऊजी जाऊन.” जानराव ओसरी उतरला तेव्हा तिनं मान वर करून पाहिलं नाही. चपराशी बघतोय म्हणून असेल, असं त्याला वाटलं.

५

अंजनगावहून छोटी गाडी मूर्तिजापूरला, तिथून मोठी गाडी. मुंबईला स्टेशनावरच सरकारी माणसांनी ताबा घेतला. मायलेक एका मोठ्या घोळक्यात चालत राहिली. कोकणातले, घाटावरचे, कुठले कुठले लोक, सगळ्यांच्या हातात फुलांच्या पुड्या. एका वळणावर जानराव थांबला. समुद्र अजून दिसला नव्हता. पण लांबून काहीतरी घरंगळत आलं, फुटलं, सुस्कारा टाकून मागं गेलं. हा आवाज त्यानं महिनाभर ऐकला होता, दोनशे कोस दूर, पानमळ्यात.

त्यानं स्वतःची समजूत घातली. लहानपणी कोणी सांगितलं असेल समुद्र कसा वाजतो. माणसाच्या कानात काय काय साठून असतं कोणाला ठाऊक. पार्बताबाई पुढे चालत होती, तिला काही वाटत नव्हतं.

भिंत काळ्या दगडाची होती, छातीइतकी उंच, काठाकाठानं लांब गेलेली. पलीकडे पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. बँड वाजला, साहेब बोलला, दुपारचं ऊन सगळ्या नावांवर सारखं पडलं होतं. जानराव तिसरीपर्यंत शिकलेला. बोट फिरवत फिरवत त्यानं शोधलं. जानराव शालिकराम, अंजनगाव, वऱ्हाड. वरची ओळ कोरडी, खालची कोरडी. ही ओळ ओली होती. अक्षरांच्या खाचांत पाणी उभं होतं. त्यानं उपरण्यानं पुसलं. तो बघत असताना ते पुन्हा भरलं, आतून, जसं नुकत्याच खोदलेल्या झऱ्यात पाणी येतं.

लाटांचे तुषार उडत असतील. पण तुषार काय एकच नाव वाचून उडतात? त्यानं बोट जिभेला लावलं आणि पटकन थुंकला. चव ओळखीची होती.

पार्बताबाईनं फुलं त्या नावापुढं ठेवली. तिनं रडायला सुरुवात केली. सहा वर्षांत ती रडली नव्हती, आज रडली, आणि नाव घेऊन रडली. “जानराव, माह्या लेका,” ती म्हणत होती, “जानराव, तू काहून गेला रे.” जानराव तिच्या खांद्याला हात लावून उभा होता. आजूबाजूच्या बायाही रडत होत्या. लोक बघताहेत म्हणून माय नाटक करतेय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. इतकं खरं रडणं तिला कधीपासून जमायला लागलं, हे मात्र त्याला सांगता येईना.

६

भिंतीच्या टोकाला मांडवात एक कारकून याद्या घेऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता. जानरावनं त्याच्यापुढं हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं: पाटलाचा आकडा, भावाची अदलाबदल, पळसाचा पुतळा. नाव काढा, साहेब, आणि त्या जागी पंजाबराव घाला. कारकुनानं चष्मा काढून पुसला.

“सकाळपासून तीन आयांनी मला सांगितलं की माझा मुलगा जिवंत आहे, नाव पुसा,” तो म्हणाला. “चौथा तू. वऱ्हाडकडची नावं तर आम्ही पहिल्यांदा कोरली, दसरा झाला तशी. दोन महिने होत आले त्याला. बरं, तू जानराव. ओळख कोण देईल तुझी?”

जानरावनं आईकडे बोट केलं. ती भिंतीपासून उठून आली होती आणि पदरानं डोळे टिपत होती.

कारकून तिला समजावून म्हणाला की बाई, हा म्हणतो तसं असेल तर मला अमरावतीला लिहावं लागेल. खोट्या नावानं माणूस पाठवला त्याची चौकशी होईल, याच्या बापाला बोलावतील, याला तर आजच इथं थांबवावं लागेल. मांडवाच्या खांबाला टेकून एक शिपाई उभा होता. त्यानं विडी खाली टाकली.

“नीट बघून सांगा,” कारकून म्हणाला. “हा तुमचा कोणता मुलगा?”

जानराव तिच्याकडे बघत होता. माय, सांग, त्याच्या मनात एवढंच होतं. तुरुंग तर तुरुंग, पण तिथं त्याच्या नावानं हाक मारतील.

पार्बताबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिचे डोळे पुसून झाले होते.

“हा माहा धाकटा,” ती म्हणाली. “पंजाब. भाऊ गेल्यापासून त्याचं डोस्कं जागेवर नाई, साहेब. मनावर नोका घेऊ.”

कारकुनानं यादी मिटली आणि दोघांना पाणी देववलं. जानराव भांडला नाही. त्याच्या अंगात भांडायला काही उरलंच नव्हतं. आपल्याला तुरुंगातून वाचवायला ती असं बोलली, हे त्याला कळत होतं. कोणतीही माय हेच करेल. हे त्यानं दोनदा मनात घोळवलं. मांडवातून बाहेर पडताना त्याची नजर भिंतीपलीकडच्या पायऱ्यांवर गेली.

सगळ्यात खालच्या पायरीवर, जिथं लाट येऊन पसरत होती, एक माणूस उकिडवा बसला होता. पाठमोरा. लाट त्याच्या अंगावरून जात होती, पण तो हलत नव्हता. नुसते हात चालले होते. डावा तळहात पसरलेला, उजवा अंगठा त्यावरून फिरायचा, मग काहीतरी उचलून बाजूला ठेवायचा, पुन्हा पुसायचा, पुन्हा ठेवायचा. हातात काहीही नव्हतं.

पंजाब, जानरावच्या मनात आलं. पंजाबच तो. त्याला हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि मग त्यानं तो खांदा पाहिला. उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली उतरला होता. पंजाबनं जन्मात घडा उचलला नव्हता.

जानरावनं आपल्या उजव्या खांद्याला हात लावला. मग डाव्याला. दोन्ही सारखे होते. सदरा उजवीकडून आखूड होऊन वर ओढला गेला होता.

माय त्याच्या शेजारी उभी होती आणि तीही त्याच पायरीकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोणास ठाऊक. जवळपास ऐकणारं कोणी नव्हतं. कारकून मांडवात, शिपाई मांडवात.

“पंजाब,” ती हळू म्हणाली, “चाल बाबू. गाडी चुकंन.”

७

परतीच्या वाटेवर ती शांत झोपली. जानराव जागा होता. गावी जाऊन पोचलो की कौशल्या आहे, हे तो स्वतःशी घोकत होता. माय म्हातारी आहे, दुःखानं भ्रमली आहे. डोळ्यांचं म्हणाल तर उन्हात, उपाशीपोटी, माणसाला काहीही दिसतं. खांद्याचं म्हणाल तर पंधरा दिवस घडा उचलला नव्हता, खांदा वर आला असेल. कौशल्या मात्र पक्की आहे. ती रोज रात्री आपलं नाव घेत होती. तिनं एकदा हाक मारली की सगळं जागेवर येईल.

सकाळी अंजनगावला उतरल्यावर वाटेत चार माणसं भेटली. रामराम झाला, मुंबई कशी आहे विचारून झालं. नावानं त्याला कोणीच हाक मारली नाही, हे घराजवळ आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

शालिकराम ओसरीवर बाजेवर बसला होता. आला का बाबू, एवढंच म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं. पार्बताबाई सरळ आत गेली. मग कौशल्या पाय धुवायला पाणी घेऊन बाहेर आली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं. डोळे सुजलेले होते, आठ दिवस रडून सुजतात तसे.

घरात चपराशी आहे का, जानरावनं पाहिलं. माजघरात वाकून पाहिलं, परसात पाहिलं, कुंपणापलीकडेही पाहिलं. ज्याच्यासाठी हे सोंग चालावं असं परकं माणूस कुठेच नव्हतं.

“कौशल्या,” तो म्हणाला.

ती दचकली. तिनं पदर पुढं ओढला आणि एक पाऊल मागं सरली. रागावली नाही, दुःखातल्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी बोलली. “आजपरेंत कधी नावानं हाक मारली नाई तुमी मले, भाऊजी. तुमचंबी ध्यान ठिकानावर नाई. बसा.”

त्यानं तिचा चेहरा निरखून पाहिला. कुठंतरी हसू दडलं असेल, पदराआड तोंड वळवेल. तिनं तोंड वळवलं नाही. तिनं त्याच्या पायावर पाणी घातलं.

“तुमी पाह्यलं ना सोता?” तिनं विचारलं. “नाव बराबर कोरलं हाय ना त्याईचं? लोक म्हंतात, परदेशातल्या मानसाचं नाव कसंबी लिवतात. तेवढं तरी बराबर पाह्यजे. माह्याजवळ दुसरं काय राह्यलं?”

मी आहे, असं तो म्हणणार होता. तुझ्यासमोर उभा आहे, तू माझ्या पायावर पाणी घालतेस. ती वाट बघत होती, तिच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, आणि या घरात आता तिला देण्यासारखं त्याच्यापाशी एकच उत्तर होतं.

“हाव, वयनी,” तो म्हणाला. “बराबर कोरलं हाय.”